पुण्यात परतल्यावर जुन्या आवडत्या जागा पाहण्याची आखणी कशी करावी

पुण्याबाहेर स्थायिक झालेला माणूस आठ-दहा दिवसांसाठी घरी येतो, तेव्हा त्यातील निम्मे दिवस बँकेची कामे, दातांचे डॉक्टर, एखादे लग्नकार्य आणि नातेवाइकांकडची जेवणे यांतच संपतात. आवडत्या जुन्या जागा पाहायच्या राहून जातात आणि शेवटच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर घाईघाईने एक चक्कर मारून समाधान मानावे लागते. आमचे घर पुण्यातच असल्यामुळे असे परतणारे भाऊ-बहिणी, भाचरे आणि शाळासोबती आमच्याकडे उतरतात. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे हिंडल्यावर माझे ठाम मत झाले आहे की आपल्याला कोणतीही जागा तिच्या ठरावीक वेळेसकट आठवत असते. सकाळी साडेसातची मंडई आणि संध्याकाळी सातची मंडई या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि जो लहानपणी वडिलांबरोबर उजाडताना पर्वती चढत असे, त्याला ती भर दुपारी चढून दम लागण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून आखणी करताना जागांच्या नावांपासून सुरुवात न करता वेळांपासून करावी. ती कशी करायची, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: निघण्यापूर्वीची यादी

तिकीट काढले की एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: जागा, आपण तिथे दिवसाच्या कोणत्या वेळी जात होतो, आणि कोणाबरोबर जात होतो. ‘शनिवारवाडा’ असे नुसते लिहिले तर त्यावरून काहीच ठरत नाही. ‘शाळा सुटल्यावर आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके चाळणे, मित्राबरोबर’ असे लिहिले की वार, वेळ, रस्ता आणि सोबतीला कोणाला फोन करायचा, हे सगळे आपोआप ठरते. ज्या जागेपुढे वेळ आणि सोबत लिहिता येत नाही, ती बहुधा आपली आवडती जागा नसते. ती प्रसिद्ध असल्यामुळे यादीत आलेली असते. अशी नावे निःसंकोच खोडावीत. हे करताना यादी निम्म्यावर येते आणि तेच हवे असते, कारण अर्ध्या दिवसात दोन, फार तर तीन जागा नीट पाहून होतात. चौथी जागा घुसवली की पहिल्या तिन्ही जागी घड्याळाकडे पाहत बसावे लागते.

ज्यांच्या घरी आई-वडील आहेत, त्यांनी ही यादी फोनवर त्यांना वाचून दाखवावी. ते त्यात हमखास एखादी विसरलेली जागा घालतात, आणि तीच पुढे सहलीतील सर्वांत मोलाची ठरते असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: काय हलले, काय बंद झाले

पुण्यात काही गोष्टी जागच्या जागी नाहीत, आणि सवयीने जुन्या ठिकाणी गेल्यास फेरी वाया जाते. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. पेशवे पार्कातील प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले, त्यामुळे मुलांना वाघ दाखवायचा असेल तर कात्रजचा रस्ता धरावा लागतो. सारसबागेशेजारी मात्र १९५६ मध्ये सुरू झालेल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीची आठवण अजून आहे. रमणबागेच्या मैदानावर रात्री जागवून ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सव ऐकला, त्यांनी ध्यानात ठेवावे की २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होऊ लागला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला, आणि मुंबईकडून येणाऱ्याला तिथले नवे रस्ते पहिल्या वेळी ओळखूही येत नाहीत.

दुकानांच्या बाबतीत दोन गोष्टी आधी विचाराव्यात: साप्ताहिक सुट्टीचा वार आणि दुपारची विश्रांती. पेठांमधील अनेक जुनी दुकाने दुपारी एकच्या सुमारास दार ओढून घेतात आणि चारनंतर उघडतात. लष्कर (कॅम्प) भागातील कयानी बेकरीही दुपारी बंद असते, आणि सकाळच्या वेळी गेलेल्यालाच श्रूजबेरी बिस्किटे खात्रीने मिळतात. नकाशाच्या ॲपवर ‘उघडे आहे’ असे दिसले तरी त्यावर विसंबू नये. दुकानात फोन करावा, किंवा त्या भागात राहणाऱ्या परिचिताला जाता-येता पाहून सांगायला सांगावे. अशी चौकशी करायला लोकांना आवडते, आणि त्या निमित्ताने गाठभेटही ठरते.

तिसरी पायरी: कोणत्या दिवसांत यावे

सुट्टी आपल्या हातात असेल तर डिसेंबर आणि जानेवारी हे महिने उत्तम, कारण सकाळची थंडी टेकडीसाठी आणि दुपारचे ऊन पेठेत हिंडण्यासाठी सोसवते. गणेशोत्सवात येणाऱ्याने त्या दिवसांत उत्सवच पाहावा. संध्याकाळी मध्यवस्तीतील रस्ते वाहनांना बंद होतात आणि एरवीची निवांत जागा त्या गर्दीत सापडत नाही. दिवाळीच्या आधीचा आठवडा तुळशीबागेसाठी टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये टेकड्या हिरव्यागार असतात, परंतु खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपलीकडच्या बेतांना वळसा पडतो.

चौथी पायरी: जागांचे गट करणे आणि गाडी घरी ठेवणे

यादीतील जागा पायी जोडता येतील अशा गटांत लावाव्यात. कसबा ते सदाशिव पेठ हा एक गट, डेक्कन आणि फर्ग्युसन रस्ता हा दुसरा, लष्कराचा तिसरा, पर्वती-सारसबाग चौथा, आणि सिंहगड-खडकवासला हा पूर्ण दिवसाचा पाचवा. एका सत्रात एकच गट घ्यावा. पेठांत मोटार नेणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे आणि बाजीराव रस्ता उलट दिशेने एकेरी आहे, फर्ग्युसन रस्ता गुडलक चौकाकडे तर जंगली महाराज रस्ता डेक्कनकडून शिवाजीनगरकडे जातो. त्यामुळे एक वळण चुकले की मोठा फेरा पडतो आणि एवढे करून गाडी लावायला जागा मिळत नाही ती नाहीच.

आता मेट्रोमुळे हा प्रश्न बराच सुटला आहे. वनाज ते रामवाडी मार्ग कोथरूड, डेक्कन आणि येरवड्याला जोडतो, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्याने कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके थेट जुन्या शहराच्या पोटात उतरवतात. कोथरूडकराने वनाज किंवा नळ स्टॉपला बसून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी आणि मंडईला उतरावे. पाच-दहा वर्षांनी येणाऱ्याला हे स्थानक नवे असते, त्यामुळे बाहेर आल्यावर दोन मिनिटे थांबून दिशा समजून घ्यावी. मंडईचा मनोरा दिसला की बाकीचे पाय आपोआप सांगतात.

पाचवी पायरी: पेठेतली सकाळ

या गटाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बाकीचे शहर झपाट्याने बदलले तरी इथल्या सकाळचा क्रम बराचसा टिकून आहे. सात ते साडेसातच्या दरम्यान पोहोचावे. आधी अमृततुल्याचा चहा घ्यावा, आणि तो दुकानात उभे राहूनच घ्यावा, कारण त्यातील अर्धी गंमत तो होताना पाहण्यात आहे. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि चहाची पूड एकत्र उकळत असते, चहावाला खलबत्त्यात आले-वेलची कुटून त्यात टाकतो, पळीने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडतो, आणि रंग मनासारखा उतरला की फडक्यातून किटलीत पिळून गाळतो. फडके पिळताना त्याच्या हाताला चटका कसा बसत नाही, याचे मला लहानपणी वाटलेले आश्चर्य अजून ओसरलेले नाही. गर्दी कमी असेल तर ‘जरा कडक करा’ असे सांगावे. तसा वेगळा चहा करून देणारे अजून आहेत.

तिथून महात्मा फुले मंडईत शिरावे. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने उघडलेली ही दगडी इमारत बहुतेकांनी भाजीच्या पिशवीकडे पाहत ओलांडलेली असते. या वेळी मधल्या अष्टकोनी भागाखाली उभे राहून वर पाहावे आणि चारही बाजूंना फुटलेल्या लांबच लांब ओळी पाहाव्यात. ज्या जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव पुढे या वास्तूला मिळाले, हे बरोबरच्या मुलांना इथेच उभे राहून सांगावे. आईचा नेहमीचा भाजीवाला असेल तर त्याच्या गाळ्यावर जाऊन आईचे नाव सांगावे. पिढी बदललेली असली तरी ओळख पटते, आणि मूठभर कढीपत्ता किंवा दोन लिंबे पिशवीत पडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तुळशीबागेसाठी एक वेगळी सूचना आहे. खरेदीसाठी जायचे असेल तर दुकाने उघडल्यावर, साधारण साडेदहा-अकराच्या पुढे जावे. परंतु ज्याला आतले राममंदिर आणि त्याचे अंगण आठवते, त्याने दुकाने उघडण्यापूर्वी जावे. नारो आप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभारलेल्या या मंदिराचे शिखर सकाळच्या मोकळ्या अंगणातून पुरते दिसते, आणि ते पाहताना लक्षात येते की आपण एरवी इतकी वर्षे फक्त भांडी, पिना आणि परकर यांच्याच उंचीला पाहत होतो.

पुढे विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब रस्त्यावरूनच पाहावेत, आप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी थांबावे, शनिवारवाड्यावरून कसबा गणपतीला जावे आणि कसबा पेठ स्थानकावरून परतावे. ज्यांची पावले तांबट आळीकडे वळतील त्यांनी जरूर वळावे. तांब्याच्या भांड्यांवर मठार घालण्याचा ठोका कानी पडला की तो आवाज ज्याने लहानपणी ऐकला आहे त्याला काही सांगावे लागत नाही.

मिसळीसाठी मात्र दुसरी सकाळ राखून ठेवावी. नारायण पेठेतील बेडेकरांकडे मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात, रस्सा गोडसर तिखट असतो आणि वरून ‘सँपल’ म्हणजे जादा रस्सा मागण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला असतो. रविवारी तिथे रांग लागते, म्हणून मधल्या वारी आणि सकाळीच जावे. तिथून जवळच केसरीवाडा आहे, आणि त्याच्या शेजारी प्रभा विश्रांतीगृहातील बटाटावडा. एका सकाळी दोन्ही खाण्याचा आग्रह मी धरणार नाही.

सहावी पायरी: टेकडी, पर्वती आणि गड

वेताळ टेकडीवर जाण्यास पुष्कळ वाटा आहेत: विधी महाविद्यालयाच्या मागून, पंचवटीतून, चतुःशृंगीच्या बाजूने. आपण पूर्वी ज्या वाटेने जात होतो तीच धरावी, जरी गाडी दुसऱ्या वाटेला सोयीची पडत असली तरी, कारण टेकडीची आठवण वरच्या माथ्यापेक्षा चढाच्या वळणांमध्ये अधिक असते. सूर्योदयाच्या सुमारास वर असावे, म्हणजे मोरांचा आवाज ऐकू येतो आणि रोजच्या फिरणाऱ्या मंडळींची सोबत राहते. अंधार पडल्यावर किंवा एकट्याने आडवाटेला जाऊ नये. मौल्यवान वस्तू घरीच ठेवाव्यात.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या रुंद आणि उताराच्या असल्यामुळे उंचीपेक्षा चालच अधिक दमवते. साठीपुढच्या माणसांना बरोबर नेताना प्रत्येक टप्प्याला थांबण्याचे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्यांना ‘माझ्यामुळे उशीर होतो आहे’ असे वाटत नाही. ज्यांना चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी त्याच सकाळी सारसबागेचा बेत करावा: सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये स्थापन झालेला तळ्यातला गणपती, हिरवळीवर थोडे बसणे आणि मग चढून गेलेल्यांनी खाली येऊन त्यांना गाठणे. आमच्या घरी हा बेत नेहमी जमतो आणि कोणीच मागे राहिल्यासारखे होत नाही.

सिंहगडाला शनिवार-रविवारी मोटारीने जाऊ नये. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते आणि दरड पडल्यास रस्ता बंदही करतात. मधल्या वारी पहाटे निघावे, पाय धड असतील तर पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने चढावे, पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही वर खावे, आणि ऊन चढण्यापूर्वी उतरावे. परतताना खडकवासल्याच्या काठी भाजलेले कणीस घ्यायचे की नाही, हे पोट पाहून ठरवावे.

डेक्कनचा गट सोपा आहे. गुडलकमध्ये बनमस्का आणि चहा, वैशाली किंवा रूपालीत न्याहरी, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराची लेणी, आणि संध्याकाळी बालगंधर्व रंगमंदिरात नाटक असेल तर ते, एवढे पुरे होते. वैशालीत सकाळी लवकर गेल्यास रांगेत उभे राहावे लागत नाही. नाटकाचे तिकीट मात्र पुण्यात पोहोचल्याच्या दिवशीच काढून ठेवावे.

सातवी पायरी: सोबत कोणाची

ज्येष्ठांना त्यांच्या जुन्या गल्लीत न्यावे आणि त्यांनाच बोलू द्यावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या शनिवार आणि नारायण पेठांत पाणी शिरले, आणि तो दिवस पाहिलेली माणसे आजही ओंकारेश्वराच्या बाजूला उभी राहून भिंतीवर हाताने ‘पाणी इथपर्यंत आले होते’ असे दाखवतात. हे घरी दिवाणखान्यात बसून विचारले तर दोन वाक्यांत उत्तर मिळते. जागेवर विचारले तर कोणाच्या माडीवर आसरा घेतला, कोणते सामान वाचले, दुसऱ्या दिवशी काय खाल्ले, हे सगळे निघते. परवानगी घेऊन ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

परदेशात वाढलेल्या मुलांना आपल्या आठवणींच्या मागे दिवसभर फरफटवू नये. त्यांच्यासाठी प्रत्येक सत्रात हाताला काही लागेल किंवा डोळ्यांना नवे वाटेल अशी एक जागा ठेवावी. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी फार चांगले आहे, कारण तिथले दिवे, अडकित्ते, कुलपे आणि वज्र्या या घरातल्याच वस्तू आहेत आणि आजीने जवळ उभे राहून त्यांचा उपयोग सांगितला की मुले प्रश्न विचारू लागतात. मित्रांबरोबरचा बेत मात्र कुटुंबाच्या बेतात मिसळू नये; कट्ट्यावरच्या गप्पांना वेळेची मर्यादा घातली की त्या होत नाहीत.

आठवी पायरी: जागा उरलेली नसेल तर

हा प्रसंग प्रत्येकावर येतो. वाडा पाडून तिथे इमारत झालेली असते, खानावळ बंद पडलेली असते, चित्रपटगृहाच्या जागी काही वेगळेच उभे असते. अशा वेळी लगेच पाठ फिरवू नये. आजूबाजूला काय टिकले आहे ते शोधावे: कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, कात्रजच्या तलावातून पेशवेकालीन नळाने पाणी येणाऱ्या एखाद्या हौदाचे चौकाला राहिलेले नाव. मग शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. पुष्कळदा कळते की खानावळ बंद झालेली नाही, मालकाच्या मुलाने ती कर्वेनगरला किंवा धनकवडीला हलवली आहे. किंवा तिथला जुना आचारी दोन गल्ल्यांपलीकडे काम करतो. अशी माहिती कोणत्याही ॲपवर नसते. जुने छायाचित्र घरी असेल तर ते बरोबर न्यावे आणि त्याच कोनातून नवे काढावे. घरातल्या मोठ्यांना ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहायला मनापासून आवडते.

नववी पायरी: बरोबर न्यायच्या वस्तू

खाऊची खरेदी निघण्याच्या दोन दिवस आधी, सकाळच्या वेळी करावी. बाकरवडी, चिवडा आणि बिस्किटे प्रवासात टिकतात. आंबा बर्फी आणि पेढे घ्यायचे असल्यास निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घ्यावेत आणि किती दिवस टिकतील हे दुकानातच विचारून पाकिटावर लिहावे. बाकरवडी चुरा होऊ नये म्हणून ती कपड्यांच्या मधल्या थरात ठेवावी. परदेशी जाणाऱ्यांनी दुधाचे पदार्थ नेण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहून घ्यावेत. मसाले आणि चटण्या दुहेरी पिशवीत बंद कराव्यात, आणि पातळ लोणचे हातातल्या सामानात ठेवू नये, कारण सुरक्षा तपासणीत ते काढून घेतात.

निघण्यापूर्वी सुरुवातीची यादी पुन्हा बाहेर काढावी, ज्या जागा राहिल्या त्यांच्यापुढे कारण लिहावे (‘सोमवारी बंद’, ‘सकाळी आठच्या आत जायला हवे’, ‘काकूला घेऊन जायचे’) आणि तो कागद पुण्यातल्या घरीच ठेवून जावा, म्हणजे घरचे लोक वर्षभरात त्यात दुरुस्त्या करत राहतील.